पाच नंबरच्या सशाचं सीरम

"माशाक मधुमेह जाता काय रे वासू?"

मालवणच्या किनाऱ्यावर मासळीचे वाटे लावून बसलेल्या बायका मला हे रोज विचारत आणि रोज तितक्याच हसत. मी गोबरा माशाचं पोट फाडायचो, पित्ताच्या पिशवीशेजारची मसुराएवढी पांढरट गाठ चिमट्याने उचलायचो आणि बर्फातल्या बाटलीत टाकायचो. बाकीचा मासा त्यांचा. एवढा थोरला मासा सोडून मसुराएवढी घाण घेऊन जाणाऱ्या माणसाला कोणी पगार देतं, यावर त्यांचा विश्वास नव्हता. "ह्येका शिकवून बापाशीन काय मिळवल्यान," असं एकीने माझ्यादेखत दुसरीला विचारलं होतं. बापाशीला हा प्रश्न आधीच पडलेला होता.

ही साठीच्या दशकातली गोष्ट. मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होतं आणि मी पंचविशीत. मुंबईच्या एका प्रयोगशाळेने मालवणात उपकेंद्र काढलं होतं. प्रयोगशाळेचं नाव देत नाही, कारण ती अजून आहे आणि मीही अजून तिथेच आहे. उपकेंद्राचं कागदावरचं कारण असं, की संशोधनाला ताज्या माशाची ग्रंथी लागते. कागदावर नसलेलं कारण असं, की आमच्या डॉक्टरसाहेबांना सुरमई फार आवडायची आणि मुंबईतले त्यांचे वरिष्ठ मुळीच आवडायचे नाहीत. उपकेंद्र म्हणजे भामाकाकी नावाच्या एका विधवा बाईंच्या घराचा अर्धा भाग. पडवीत सहा ससे, आतल्या खोलीत टेबल, रॉकेलवर चालणारा फ्रीज आणि मी. फ्रीजमध्ये वरच्या कप्प्यात सीरम आणि खालच्या कप्प्यात साहेब आले की त्यांची सोलकढी.

धंदा काय होता ते सांगतो. आमच्या गावात एस.टी.तून अनोळखी माणूस उतरला की तासाभरात सगळ्या वाडीला त्याचं नाक-डोळे पाठ होतात, आणि तो पुन्हा कधी आला तर लगेच ओळखला जातो. सशाच्या रक्ताचं तसंच आहे. बाहेरचं प्रथिन टोचलं की रक्त त्याची ओळख ठेवतं आणि त्यालाच धरतील अशी प्रतिपिंडं बनवतं. आम्ही ग्रंथीचा अर्क पॅराफिन तेलात लोण्यासारखा घोटायचो, सशाला टोचायचो, दर तीन आठवड्यांनी पुन्हा टोचायचो. मग कानाच्या शिरेतून रक्त काढायचं, गोठू द्यायचं, आणि वर सुटलेलं सुक्या पेंढ्याच्या रंगाचं पाणी बाटलीत भरायचं. ते सीरम. ते तपासायचं कसं? काचेच्या पट्टीवर आगरचा थर द्यायचा, मिठाईवाले चायना ग्रास म्हणतात तेच. थरात भोकं पाडायची. मधल्या भोकात सीरम, भोवतालच्या भोकांत ज्याची ओळख पटवायची ते अर्क. दोन्ही पसरत पसरत एकमेकांना भेटले आणि ओळख पटली, की दुसऱ्या दिवशी मध्ये एक बारीक पांढरी रेघ दिसते. नाही पटली तर काही दिसत नाही. माझी सगळी नोकरी अशा रेघा बघण्यात गेली.

ओळख पटते हे खरं, पण कोणाची पटली हे रेघ सांगत नाही. हे वाक्य मी नव्या मुलांना फार गंभीरपणे शिकवतो. ते मला कसं कळलं, हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

डॉक्टरसाहेबांचा एक सिद्धांत होता. माशाच्या त्या गाठीत इन्सुलिन असतं, ते पेशीतून रक्तात उतरताना बरोबर एक वेगळं प्रथिन असलं पाहिजे, त्याला वाट करून देणारं. साहेब त्याला लाडाने भालदार म्हणत. भालदार कोणी बघितला नव्हता. साहेबांनीही नाही. पण त्याच्यावर त्यांची तीन भाषणं झाली होती. आता त्याला पकडणारं सीरम मिळालं, की तो आहे हे सिद्ध होणार होतं. साहेबांना त्याच्या असण्याबद्दल शंका नव्हती, फक्त पुरावा हवा होता. पुढे मी पाहिलं की मोठ्या माणसांचं संशोधन बरंचसं असंच चालतं.

गावाला यातलं इन्सुलिन तेवढं कळलं. एक निवृत्त गुरुजी, मधुमेही, काठी टेकत पडवीत आले आणि सशांकडे बघून म्हणाले, "परबा, ह्या सशाचा पाणी माका चमचाभर दी. कोणाक सांगूचय नाय." मी त्यांना अर्धा तास प्रतिपिंडं समजावली. गुरुजींनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे औषध आसा, पण सायबाच्या माणसांसाठी."

मे महिन्यात खरी अडचण आली. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर चढतात, गोबरा मिळत नाही, मुंबईची आगबोटही बंद. पण सशांच्या टोचण्या चुकवून चालत नाही. म्हणून मेमध्येच ग्रंथी जमवून ॲसिटोनमध्ये बुडवून, सुकवून ठेवायच्या असं साहेबांनी लिहिलं होतं. ॲसिटोन शेवटच्या बोटीने येणार होतं. बोट आली. टिन वाटेत पाझरून रिकामा झाला होता. त्याच पेटीतून उपकेंद्राची नवी पाटी मात्र ओरखडासुद्धा न पडता आली.

माझ्याकडे ग्रंथींच्या चार बाटल्या आणि वितळत चाललेला बर्फ. आता मालवणच्या माणसाला मासळी पावसाळाभर टिकवायची म्हटलं की काय सुचेल? आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, घरोघर जे चाललेलं असतं तेच. मी ग्रंथींना मीठ लावलं आणि भामाकाकींच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, चटईवर वाळत घातल्या. शेजारच्या चटईवर काकींचा गोलमा, म्हणजे चटणीचा जवळा, कोळंबीचीच बारीक जात, वाळत होता. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. शास्त्रज्ञाला आपल्या आजीची युक्ती सुचते, अशा अर्थाचं काहीतरी मी मनात घोळवलंसुद्धा.

चौथ्या दिवशी बाजारातून आलो तर माझी चटई रिकामी आणि काकींच्या हातात बरणी.

"अरे, तुझी ती सुकी घाण कावळ्यांनी खळ्यात पसारून टाकल्यानी," काकी म्हणाल्या. "मी सगळी येचून भरलंय. कमी दिसाक नको म्हणान मूठभर गोलमो घातलंय. तुझो सायब वजन करता मां?"

"काकी, गोलमो कित्याक घातलंस?"

"मगे काय वाळू घालू? मासळीत मासळीच घातलंय."

मी बरणी उलटी केली. चिमट्याने गुलाबी तुकडे निवडायला बसलो. तासाभराने कंबर दुखायला लागली आणि निम्मे तुकडे इतके बारीक की कुठलं काय कळेना. त्याच दिवशी साहेबांची तार आली होती, टोचण्या चुकता कामा नयेत अशी. मी बरणीतलं सगळं कुटलं, चाळलं, आणि रजिस्टरमध्ये लिहिलं: 'ग्रंथींची भुकटी, मीठ लावून सुकवलेली.' एक अक्षर खोटं नाही. माझ्या आयुष्यातला हा पहिला शास्त्रीय अहवाल.

पावसाळाभर सशांना ती भुकटी टोचली. श्रावण संपताना रक्त काढलं आणि त्याच भुकटीच्या अर्काशी तपासलं. पाच जणांच्या रेघा आल्या-न आल्यासारख्या. पाच नंबरच्या सशाची मात्र अशी ठसठशीत, की दारातून दिसावी. साहेब मुंबईहून धावत आले. पट्टी उजेडाला धरून किती तरी वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "परब, तुमचे हात म्हणजे हात आहेत." त्या दिवशी त्यांनी सोलकढीचा पहिला पेला मला दिला. आमच्या प्रयोगशाळेत हा मान दुसऱ्या कोणाला मिळाल्याचं मला आठवत नाही. बाटलीवर मी स्वतःच्या अक्षरात 'क्र. ५' लिहिलं, आणि ते लिहिताना भुकटीत आणखी काय होतं हे माझ्या मनातही आलं नाही. आलं असेल. मी त्याला बसायला सांगितलं नाही.

गणपती झाल्यावर मुंबईहून कुमुद पाध्ये आल्या. साहेबांच्या संशोधक विद्यार्थिनी, माझ्याच वयाच्या. आजोळ आरोंद्याचं, त्यामुळे पहिल्याच दिवशी त्या काकींशी मालवणीत बोलू लागल्या आणि काकींनी मला वाऱ्यावर सोडलं. माझ्याशी त्या शुद्ध मराठीत बोलत. कामात इतक्या काटेकोर, की भोकांमधलं अंतर माझं केसभर चुकलं तरी पट्टी परत करत. वर कारणही सांगत. त्याचा राग येई, कारण कारण बरोबर असे.

त्यांचा प्रयोग सोपा होता. मागच्या अंगणात चिऱ्याच्या टाकीत खारं पाणी भरून जिवंत गोबरे ठेवायचे. निम्म्यांना पोटभर खायला द्यायचं, निम्म्यांना तीन दिवस उपाशी. मग दोन्हींच्या ग्रंथी काढून क्रमांक पाचच्या सीरमशी लावायच्या. खाल्ल्यावर इन्सुलिन सुटतं. भालदार खरा असेल, तर पोटभर खाल्लेल्या माशात तो दिसला पाहिजे.

दिसला. खाल्लेल्या माशांत रेघ, उपाशांत नाही. दहा वेळा केलं, दहा वेळा तेच. कुमुदबाई एरवी हसायच्या नाहीत, त्या दिवशी काकींना हाताला धरून खळ्यात घेऊन गेल्या आणि पट्टी दाखवली. काकी म्हणाल्या, "रांगोळी बरी आसा." साहेबांनी मुंबईत परिषदेसाठी नाव नोंदवलं. कुमुदबाईंचा प्रबंध आता यावरच उभा राहणार होता, आणि पुढे परदेशातल्या एका प्रयोगशाळेत जागा मिळेल असं पत्रही आलं होतं. जुना विषय त्यांनी गुंडाळून ठेवला.

माशांना खायला मी कोळंबी घालत असे. पोट फाडून ग्रंथी काढत असे तोही मीच, त्याच सुरीने.

त्या वर्षी कोळंबी परदेशी जायला लागली होती. एका आठवड्यात व्यापाऱ्यांनी किनाऱ्यावरची सगळी उचलली. मी माशांना तारली मासळी कापून घातली. मासे तुटून पडले, पोटं टम्म. दुसऱ्या दिवशी पट्टीवर काही नाही. खाल्लेले चार मासे, चारही कोरे.

कुमुदबाई पट्टी घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "परब, हे काय आहे? कुठे चुकलं?"

मला त्या क्षणी कळलं. कोळंबी, गोलमा, बरणी, सगळं एका ओळीत उभं राहिलं. माझी नेमणूक हंगामी होती. कायम करण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर होता. आणि याहून लाजिरवाणी गोष्ट अशी, की क्रमांक पाचचं सीरम हे माझ्या हातून झालेलं एकच मोठं काम होतं.

मी म्हणालो, "बाई, ते मासे आजारी होते. कल्ले पांढरे पडले होते."

"नक्की?"

"मी माशांतच वाढलोय, बाई."

त्यांनी वहीत लिहिलं: 'चार मासे आजारी, वगळले.' माझ्यासमोर लिहिलं. इतक्या काटेकोर बाईने माझ्या शब्दावर चार मासे वगळले, कारण मी मालवणचा होतो आणि त्यांना वाटलं याला मासे कळतात.

पुढच्या रविवारी त्या आरोंद्याला आजीकडे गेल्या. मी खात्री करायला बसलो. काकींकडून चिमूटभर गोलमा मागून घेतला, मिठाच्या पाण्यात भिजवला, आगरच्या भोकात घातला. सोमवारी सकाळी रेघ होती. ठसठशीत, दारातून दिसावी अशी. मी पट्टी धुऊन उपडी ठेवली आणि सशांना चारा घातला. आमचा भालदार चटणीतला होता.

त्यानंतर रोज सकाळी सांगायचं ठरवत असे. एकदा सुरुवातही केली. "बाई, एक बोलायचं होतं." त्या म्हणाल्या, "बोला." मी म्हणालो, "फ्रीजला रॉकेल संपत आलंय." असे आठ महिने गेले.

परिषदेत साहेबांनी भाषण केलं. टाळ्या झाल्या. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञाने उठून एवढंच विचारलं, "माशांना खायला काय घालत होता?" कुमुदबाईंनी सांगितलं, कोळंबी. म्हातारा म्हणाला, "मग एकदा नुसती कोळंबी लावून बघा." आणि बसला. पंधरा दिवसांत मुंबईत ते करून बघितलं. मग साहेबांनी मला ससे घेऊन मुंबईला बोलावलं आणि कुमुदबाई मालवणला सामान आवरायला गेल्या.

साहेबांच्या खोलीत चौकशी झाली. साहेब, त्यांचे ते न आवडणारे वरिष्ठ, कुमुदबाई आणि दाराजवळ मी.

साहेब म्हणाले, "पाध्ये, ग्रंथी काढताना स्वच्छता राहिली नाही. पोटातली कोळंबी नमुन्यात आली. विद्यार्थ्यावर विसंबलं की हे होतं."

वरिष्ठ म्हणाले, "ते नमुन्याचं झालं. पण सीरम कोळंबीला का ओळखतं?"

साहेब म्हणाले, "कोकणातला ससा आहे. जवळा खाल्ला असेल कुठेतरी."

वरिष्ठ हसले. साहेब हसले. मीही हसलो. ससा जवळा खात नाही, आणि खाल्ला तरी असं सीरम होत नाही, हे त्या खोलीतल्या चौघांनाही माहीत होतं.

"परब, सीरमबद्दल तुम्हाला काही सांगायचंय?"

"नाही साहेब. सगळं रजिस्टरप्रमाणे आहे."

कुमुदबाई एक शब्द बोलल्या नाहीत. प्रबंध त्यांनी स्वतःच परत घेतला. परदेशच्या पत्राला काय उत्तर लिहिलं मला ठाऊक नाही. पुढच्या महिन्यात मी कायम झालो. मालवणचं उपकेंद्र बंद झालं, पाटी काढून काकींनी कोंबड्यांच्या खुराड्याला दार केलं. साहेबांना भालदाराचा पुढे कधी उल्लेख करताना कोणी ऐकलं नाही. ते नव्या सिद्धांताकडे वळले आणि त्यावर चार भाषणं झाली. आज मी सगळ्या प्राणिगृहाचा प्रमुख आहे. आमच्याकडच्या प्रतिपिंडांच्या शुद्धतेची खात्री माझ्या सहीने दिली जाते, हे वाचकांनी माफ करावं.

गेल्या मे महिन्यात भामाकाकी गेल्याचं कळलं म्हणून मालवणला गेलो. काकींच्या सुनेने सांगितलं की पाध्येबाई सावंतवाडीजवळ एका शाळेत विज्ञान शिकवतात, काकींना भेटायला वर्षातून एकदा येत. मी परतीची गाडी सोडली आणि सावंतवाडीची धरली.

शाळेला सुट्टी होती. कुमुदबाई प्रयोगशाळेत चंचुपात्रं धूत होत्या. मला बघून म्हणाल्या, "परब, केस गेले की सगळे." मी उभ्यानेच सुरुवात केली. खळं, कावळे, बरणी. त्या धूत राहिल्या.

"काकींनी सांगितलंय मला ते," त्या म्हणाल्या. "सामान आवरायला गेले तेव्हाच. मोठ्या अभिमानाने सांगितलं, तुमच्या औषधात माझो गोलमो आसा म्हणून."

"म्हणजे चौकशीच्या आधी?"

"दोन दिवस आधी."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर साहेबांनी सगळं एका म्हातारीवर ढकललं असतं, आणि तुम्ही मान डोलावली असती. डोलावली असती ना?"

मी हो म्हणालो.

"मी तुमची वाट बघत होते त्या खोलीत. तुम्ही पंख्याकडे बघत होता." त्यांनी चंचुपात्र उपडं ठेवलं. "ते जाऊ द्या. एकच विचारते. ते मासे आजारी होते का?"

"नव्हते, बाई."

त्या बाकावर बसल्या. मग म्हणाल्या, "गोलम्याचं मी कधीच सोडलं. बरणी कोणाचीही सांडते. पण ते मासे मी माझ्या हाताने वगळले. खरं काय ते माझ्यासमोर पट्टीवर आलं होतं आणि मी ते पुसलं. इतकी वर्षं वाटत होतं, मला हवं ते ऐकायचं होतं म्हणून मी ऐकलं. तुम्ही खरंच चुकला असाल, कल्ले खरंच पांढरे असतील, असंही वाटायचं कधी कधी."

मी माफी मागायला लागलो. त्यांनी हात वर केला.

"तुम्ही दिवाळी अंकात लिहिता ना? सशांच्या गमती वगैरे. वाचलंय मी. मग हे लिहा. रडू नका त्यात, तुम्हाला ते शोभत नाही. काकींची थट्टा करा, त्यांना आवडली असती. साहेबांचीही करा. पण माशांचं नीट लिहा. किती होते?"

"तीन," मी म्हणालो.

"चार, परब."

म्हणून लिहितो. तारली खाल्लेले गोबरे चार होते. कल्ले लालबुंद होते. चारही मासे धडधाकट होते.